थॉम्प्सनच्या चार पानांची वाटणी

धुळे जिल्ह्यातलं शिंदखेडा संगणकावर शोधायचं तर पहिली अडचण नावाचीच येते. तालुका म्हणून ते शिंदखेडा, विधानसभा मतदारसंघांच्या यादीत सिंदखेडा, आणि बोलता बोलता कुणाच्या तोंडी शिंदखेडे. त्यात मराठीचं सामान्यरूप. वाक्यात गाव क्वचितच जसंच्या तसं येतं. माणसं शिंदखेड्याला जातात, शिंदखेड्यात राहतात, शिंदखेड्याहून परत येतात. वैतागून नुसतं ‘सिंदखेड’ शोधावं, तर बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेड राजा, म्हणजे जिजाऊंचं जन्मगाव, यादीत येऊन बसतं.

हा सगळा गुंता एका ओळीत मावतो: (शिं|सिं)दखे(डा|डे|ड्या). उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. आधी शिं किंवा सिं, मग दखे, मग डा, डे किंवा ड्या. शिंदखेडा, सिंदखेडा, शिंदखेडे, शिंदखेड्यात ही सगळी रूपं सापडतात आणि सिंदखेड राजा बाहेर राहतं, कारण तिथे ड नंतर काना, मात्रा किंवा जोडाक्षर नाही. अशा ओळीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, प्रोग्रॅमरांच्या बोलीत रेगेक्स. पॅन क्रमांकात पाच अक्षरं, चार अंक आणि पुन्हा एक अक्षर आहे का, गाडीचा क्रमांक एमएच १८ ने, म्हणजे धुळ्याच्या पासिंगने, सुरू होतो का, अशा तपासण्या याच पद्धतीने लिहितात. आधार क्रमांकाचंही तसंच. शिंदखेडा तालुक्यातल्या दोंडाईच्याहून निघून सारंगखेड्याचा तापीवरचा पूल ओलांडला की शहादा तालुका लागतो. त्याच तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. अंक बारा आहेत ना, पहिला अंक शून्य किंवा एक नाही ना, एवढं रेगेक्स लगेच सांगतं. शेवटचा पडताळा-अंक जुळतो का, यासाठी मात्र वेगळा हिशेब करावा लागतो.

नमुना लिहिणं सोपं. तो मजकुरावर चालवायचा कसा, यातच सगळी गोष्ट आहे. एक रीत अशी की नमुना स्मृतीत एखाद्या तक्त्यासारखा मांडून ठेवायचा, आणि दुसरा एक प्रोग्रॅम दर अक्षराला तो तक्ता वाचणार: आता काय करायचं आहे, तुलना की निवड, आणि कोणत्या अक्षराशी? दुसरी रीत अशी की नमुना हाती आला की त्याच क्षणी त्याच्यापुरता खास प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत, म्हणजे मशीन कोडमध्ये, तयार करायचा. मग तक्ता उरत नाही आणि तो वाचणाराही उरत नाही. ‘हे अक्षर श आहे का, नसेल तर तिकडे उडी मार’ अशा सूचना थेट प्रोसेसर पाळतो. प्रोग्रॅम चालू असताना, गरजेच्या वेळी मशीन कोड बनवण्याच्या या तंत्राला जस्ट-इन-टाइम कंपायलेशन म्हणतात, थोडक्यात जिट.

जिट हे नव्या जमान्याचं तंत्र आहे असा समज आहे. ब्राउझरच्या शर्यतीत त्याचा इतका गाजावाजा झाला की तसं वाटणं साहजिकच आहे. रेगेक्सच्या बाबतीत मात्र घडलं ते नेमकं उलट. सुरुवातच मशीन कोडने झाली, आणि नंतर ते चाळीसेक वर्षं जवळपास विसरलं गेलं.

गणिती पाया स्टीफन क्लेनीचा. १९५१ साली अमेरिकेतल्या रँड संस्थेत काम करताना त्याने मेंदूतल्या चेतापेशींच्या जाळ्याचं गणिती रूप अभ्यासलं आणि त्यातून घडणाऱ्या घटना लिहायला एक बीजगणित तयार केलं. ते छापून आलं १९५६ मध्ये. एखादी गोष्ट शून्य किंवा कितीही वेळा येऊ शकते हे दाखवणारी चांदणी आजही क्लेनीच्याच नावाने ओळखली जाते. मजकूर शोधण्याशी या सगळ्याचा तेव्हा काहीच संबंध नव्हता.

तो जोडला केन थॉम्प्सनने. बर्कलीहून शिकून १९६६ मध्ये बेल लॅब्समध्ये आलेला हा विशीतला मुलगा. त्याच्या हाताशी आयबीएम ७०९४ हे यंत्र होतं: ३६ बिटांचा शब्द, आणि असे ३२,७६८ शब्द मावतील एवढी स्मृती. (मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आलं होतं, ते याच काळातलं.) एमआयटीच्या सीटीएसएस या अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या यंत्रणेसाठी थॉम्प्सनने क्यूईडी हा मजकूर-संपादक नव्याने लिहिला आणि त्यात रेगेक्सने शोधायची सोय घातली. कसं केलं, ते त्याने जून १९६८ च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये सांगितलं. लेख चार पानांचा. पान ४१९ ते ४२२.

लेखात तो सरळच म्हणतो की हा एक कंपायलर आहे: आत रेगेक्स जातं आणि बाहेर ७०९४ चा प्रोग्रॅम येतो. काम तीन टप्प्यांत चालतं. नमुना तपासायचा, तो चिन्ह शेवटी येणाऱ्या मांडणीत फिरवायचा, आणि मग एकेका चिन्हासाठी यंत्राच्या सूचना लिहायच्या. थॉम्प्सनची खरी करामत मात्र पुढे आहे. नमुन्यात ‘किंवा’ आला की वाट फुटते. कोणती वाट खरी, हे पुढचं अक्षर पाहिल्याशिवाय कळत नाही. थॉम्प्सनने कोणतीच वाट सोडली नाही. सध्या कोणकोणत्या जागी उभे असू शकतो याची एक यादी, आणि पुढच्या अक्षरानंतर कुठे असू शकू याची दुसरी. एक अक्षर वाचायचं, पहिली यादी संपवायची, दुसरी पहिलीच्या जागी आणायची. मजकूर एकदाच, सरळ पुढे वाचला जातो. मागे फिरायचा प्रश्नच येत नाही. आणि या याद्या म्हणजे नुसत्या नोंदी नव्हत्या. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे ‘अमुक ठिकाणच्या उपप्रोग्रॅमकडे जा’ अशी यंत्राची खरीखुरी सूचना होती. प्रोग्रॅम चालता चालता स्वतःचा पुढचा भाग लिहीत होता आणि तोच चालवत होता. आज कुणी नोकरीच्या ठिकाणी असा कोड लिहिला तर सुरक्षाविभागाचे लोक धावत येतील.

म्हणजे या चार पानांत दोन स्वतंत्र देणग्या होत्या. सगळ्या वाटा एकदम चालायची पद्धत ही एक, आणि नमुन्याचं मशीन कोड करणं ही दुसरी. पहिली यंत्रावर अवलंबून नाही, दुसरी पूर्णपणे यंत्राला बांधलेली. पुढे वारसांनी यांची वाटणी करून घेतली, आणि दोन्ही एका घरात फार काळ नांदल्या नाहीत. जॉन एकॉकने २००३ मध्ये जिटचा इतिहास लिहिला तेव्हा मॅकार्थीच्या लिस्प भाषेनंतर आरंभीच्या उदाहरणांत थॉम्प्सनच्या या लेखाला जागा दिली. पण तोवर रेगेक्स वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो वाचला असावा.

दोन्ही देणग्यांकडे सर्वांत आधी पाठ फिरवली ती खुद्द थॉम्प्सननेच. १९६९ मध्ये युनिक्स जन्मलं ते पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर. तिथल्या ईडी संपादकातलं रेगेक्स साधं होतं. त्यात ‘किंवा’ नव्हता, आणि मशीन कोडही नव्हतं. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत आलेला ग्रेप हा शोध-प्रोग्रॅम याच ईडीतून वेगळा काढलेला तुकडा. शिवाय युनिक्स तेव्हा सी भाषेत लिहिलं जात होतं. एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर नेता यावं ही त्याची मोठी ताकद, आणि मशीन कोड लिहिणारा प्रोग्रॅम नेमका तिथेच अडतो: प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी तो पुन्हा लिहावा लागतो.

पहिल्या देणगीचा मान राखला अल अहोने. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या त्याच्या ईग्रेपमध्ये ‘किंवा’ परत आला आणि मागे न फिरता शोधायची शिस्तही आली. पण जगभर पसरलं ते दुसरंच घराणं. हेन्री स्पेन्सरने १९८६ च्या सुमारास एक रेगेक्स लायब्ररी सर्वांसाठी खुली केली, तिच्यावरून लॅरी वॉलच्या पर्ल भाषेचं इंजिन वाढलं, आणि पर्लची लिपी हीच रेगेक्सची बोलीभाषा झाली. हे इंजिन एक वाट धरतं. ती चुकली की माघारी येऊन दुसरी धरतं. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात.

माघारीच्या या रीतीला नुसतं नाव ठेवून चालणार नाही. तिच्यामुळे काही गोष्टी करता येतात ज्या क्लेनीच्या बीजगणितात बसतच नाहीत. मराठीतले अभ्यस्त शब्द घ्या: पटपट, गरगर, हळूहळू, झरझर. ‘जे आत्ता सापडलं तेच लगेच पुन्हा आलं पाहिजे’ असा नमुना पर्लच्या लिपीत पाच-सहा चिन्हांत लिहिता येतो आणि सगळ्या कोशातून असे शब्द उपसून काढता येतात. थॉम्प्सनच्या पद्धतीला हे जमत नाही. आधी काय सापडलं होतं हे तिच्या यादीत लिहिलेलंच नसतं. लोकांना ही सोय आवडली आणि तिच्यासोबत माघारही आली. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल एक्झिम हा ईमेलचा सर्व्हर लिहीत होता. त्यासाठी त्याने १९९७ मध्ये पर्लच्या लिपीचं रेगेक्स सी भाषेत बांधलं आणि त्याला पीसीआरई नाव दिलं. मग ते सर्वत्र गेलं.

मशीन कोडची कल्पना दरम्यान भलत्याच वाटेने जिवंत राहिली. ही वाट पाहण्यासारखी आहे, कारण ती सुरू होते त्याच क्यूईडीपाशी. क्यूईडी मुळात बर्कलीत लिहिला होता पीटर डॉइश आणि बटलर लॅम्पसन यांनी. थॉम्प्सनने तिथूनच तो उचलला. त्याच डॉइशने अ‍ॅलन शिफमनसोबत १९८४ मध्ये दाखवून दिलं की स्मॉलटॉक भाषेचा प्रोग्रॅम चालता चालता मशीन कोडमध्ये बदलला तर तो चांगलाच वेग घेतो. स्मॉलटॉकवरून सेल्फ ही भाषा निघाली. सेल्फवर काम केलेला लार्स बाक हा डॅनिश अभियंता आधी जावाच्या हॉटस्पॉट या इंजिनापर्यंत पोहोचला आणि पुढे डेन्मार्कच्या ऑर्हूस शहरात त्याने गूगलसाठी व्ही-८ बांधलं. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम ब्राउझर आला तेव्हा जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन हेच होतं.

व्ही-८ जावास्क्रिप्टचं मशीन कोड करत होतं, पण त्यातलं रेगेक्स उसनं होतं. अ‍ॅपलच्या वेबकिट या ब्राउझर-इंजिनासाठी हेझलच्या पीसीआरईवरून बेतलेलं जुनं इंजिनच त्यात बसवलं होतं. बाकी सगळं धावतंय आणि रेगेक्स मात्र तक्ता वाचतंय, ही विसंगती खटकणारी होती. सप्टेंबर २००८ मध्येच अ‍ॅपलच्या वेबकिट गटाने आपल्या नव्या इंजिनासोबत रेगेक्सचा स्वतंत्र कंपायलर जाहीर केला. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगलने उत्तर दिलं: इर्रेगएक्स्प. नमुन्याचा आधी आलेख करायचा, तो कोणत्या तुलना टाळता येतील हे पाहत तासायचा, आणि मग त्याचं मशीन कोड. मोझिलाही त्याच सुमारास शर्यतीत उतरली. न्यायाने सांगायचं तर मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये रेगेक्स कंपाइल करायचा पर्याय २००२ पासूनच होता. पण त्याची चर्चा डॉट नेटवाल्यांपुरतीच राहिली.

ब्राउझरपुरती राहिली असती तर गोष्ट इथेच थांबली असती. ती सर्व्हरांपर्यंत नेली हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठातल्या झोल्तान हेर्त्सेगने. सेगेद म्हणजे पाप्रिका मिरचीचं गाव. दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरचीवाल्यांना तिथे परकं वाटायचं कारण नाही. संगणकशास्त्रात मात्र ते ऑटोमाटाच्या गणितासाठी ओळखलं जातं, म्हणजे क्लेनीच्याच विषयासाठी. हेर्त्सेगने आधी वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी मशीन कोड लिहून देणारी एक छोटी लायब्ररी बांधली. युनिक्सवाल्यांची जुनी अडचण तिने बरीचशी दूर केली: रेगेक्सचा भाग एकदाच लिहायचा, इंटेल, एआरएम, पॉवरपीसी यांची भाषा ती सांभाळणार. तिच्यावर त्याने पीसीआरईचा जिट उभा केला. ऑक्टोबर २०११ च्या ८.२० या आवृत्तीत तो सर्वांना मिळाला. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये तो मुळातच सुरू ठेवलेला होता, आणि वर्डप्रेस पीएचपीवरच चालतं. म्हणजे अशा एखाद्या मराठी संकेतस्थळाचा मालक रेगेक्स हा शब्दही न ऐकता जिट वापरत असण्याची शक्यता बरीच आहे.

या जिटला मराठी कशी दिसते, हे जवळून पाहायला हरकत नाही. ‘शिंदखेडा’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो. युनिकोडमध्ये तो आठ चिन्हांचा आहे: श, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, द, ख, मात्रा, ड, काना. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण चोवीस. या चोवीसांत प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच आहे: २२४. देवनागरीच्या मुख्य गटातलं प्रत्येक चिन्ह याच बाइटने सुरू होतं. इंग्रजी मजकुरात शोधताना एक जुनी युक्ती उपयोगी पडते. नमुन्याचा पहिला बाइट घ्यायचा आणि तो जिथे नाही तो सगळा मजकूर उड्या मारत ओलांडायचा. मराठीत हे करून पाहा! दर तीन बाइटांमागे २२४ भेटत राहतो आणि उडी पडतच नाही. श आणि स यांचे पहिले दोन बाइट सारखेच; फरक फक्त तिसऱ्यात. तेव्हा इंजिनाने पहिला बाइट सोडून वेगळेपणा दाखवणारा बाइट हेरला पाहिजे. आजचे प्रोसेसर एका सूचनेत सोळा बाइट तपासू शकतात, आणि कुठला बाइट हेरायचा हे प्रत्येक नमुन्यासाठी वेगळं ठरवून तशी सूचना लिहिणं जिटला शक्य असतं.

वेगाने सगळं सुटतं असं मात्र नाही. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी एक तयार चिन्ह आहे. ते काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. त्याला ‘शिंदखेडा’ दिला तर ते श, दख आणि ड असे तीन तुकडे हातात ठेवतं. टॉम क्रिश्चन्सन या पर्लच्या जाणकाराने २०११ मध्येच यावर रीतसर तक्रार नोंदवली होती. असल्या इंजिनाला जिट लावलं तर हेच तीन तुकडे फक्त लवकर मिळतील.

जिटचा खर्चही असतो. पीसीआरईची माहितीपुस्तिका तो लपवत नाही: मशीन कोड बनवायला वेळ जातो, म्हणून एकच नमुना पुष्कळ वेळा चालवायचा असेल तरच फायदा. व्ही-८ च्या लोकांनी २०१९ मध्ये हा हिशेब यंत्रावरच सोपवला. नमुना पहिल्यांदा चालतो तेव्हा तक्ता वाचूनच, दुसऱ्यांदा लागला की मगच मशीन कोड. सेवा केंद्रात एखाद्याचा पॅन क्रमांक एकदाच तपासून पान बंद झालं, तर त्या नमुन्याच्या नशिबी जिट येतच नाही. दुसरा खर्च सुरक्षेचा. लिहिता येईल आणि चालवताही येईल अशी स्मृतीची जागा हल्लेखोरालाही हवीच असते. म्हणून आयफोनवर साध्या अ‍ॅपना ती मिळत नाही, आणि २०२२ मध्ये आलेल्या लॉकडाउन मोडमध्ये अ‍ॅपल सफारीचा जिटही बंद करते.

वाटणीत सर्वांत महागात पडलं ते मात्र वेगळंच. जिट घेणाऱ्यांनी मशीन कोड घेतलं, पण चालायची रीत पर्लचीच ठेवली. माघार वेगाने होऊ लागली, इतकंच. रस कॉक्सने जानेवारी २००७ मध्ये एक निबंध लिहून हे दुखणं उघड केलं होतं. त्याचं उदाहरण क्रूर होतं. ‘ए असेल किंवा नसेल’ हे २९ वेळा, पाठोपाठ नुसता ‘ए’ २९ वेळा, आणि मजकूर म्हणजे २९ ए. पर्लला साठ सेकंदांहून जास्त लागले. थॉम्प्सनच्या १९६८ च्या पद्धतीला वीस मायक्रोसेकंद. अशा नमुन्यात एक अक्षर वाढलं की माघारीचं काम साधारण दुप्पट होतं. मशीन कोडने ते दहापट जलद केलं तरी आणखी चार अक्षरं वाढवताच ती कमाई बुडते. कॉक्सने पुढे गूगलमध्ये आरई-२ बांधलं आणि ते २०१० मध्ये खुलं केलं. त्यात थॉम्प्सनची पद्धत आहे, मशीन कोड नाही आणि अभ्यस्त शब्द शोधायची सोयही नाही.

कॉक्सचं म्हणणं कागदी नव्हतं, हे दोन अपघातांनी दाखवलं. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. कुणाच्या तरी मजकुरात सलग सुमारे वीस हजार मोकळ्या जागा होत्या, आणि त्या छाटायला लावलेल्या साध्याशा नमुन्याने प्रत्येक जागेपासून पुन्हा सुरुवात केली. तपासण्या झाल्या वीस कोटींच्या घरात. २ जुलै २०१९ रोजी संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअरने हल्ले अडवायच्या नियमांत एक नवा रेगेक्स टाकला, आणि जगभरच्या तिच्या सर्व्हरांचे प्रोसेसर त्याच माघारीत अडकून पडले. २७ मिनिटं असंख्य संकेतस्थळं उघडत नव्हती. त्यानंतर कंपनीने जाहीर केलेल्या उपायांत आरई-२ किंवा रस्ट भाषेतल्या तशाच इंजिनाकडे वळणं हा एक होता.

जानेवारी २०२१ मध्ये व्ही-८ च्या गटाने इर्रेगएक्स्पच्या शेजारी एक दुसरं इंजिन आणून ठेवलं. ते माघारी फिरत नाही; सगळ्या वाटांची यादी घेऊन पुढे सरकतं, थॉम्प्सनसारखंच. मशीन कोड मात्र बनवत नाही. एक पर्याय असाही ठेवला की नेहमीच्या इंजिनाने किती वेळा माघार घेतली हे मोजायचं, आणि आकडा पन्नास हजारांवर गेला की काम या नव्याकडे सोपवायचं. अभ्यस्त शब्दांसारख्या, मागचं आठवून जुळवायच्या नमुन्यांना ते हातच लावत नाही. जाहीर झालं तेव्हा ही सोय प्रयोग म्हणूनच होती, आणि ज्याला हवी त्याने ती मुद्दाम सुरू करायची होती.